एकच कलम, दोन अर्ज

मंगळवार, रात्री

आज दुपारी माझ्या अशिलाला, एका पोराला, जामीन मिळाला. वय १९, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. एका मंडळाच्या मिरवणुकीवर आणि मंडळाच्या पुढाऱ्यावर त्यानं स्टेटस टाकलं होतं. भाषा उद्धट होती. पण कुणाला मारा, कुणाला हाकला, असं त्यात अवाक्षर नव्हतं. ठाण्यासमोर जमाव जमला आणि रात्रीच भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागलं, दोन गटांत तेढ निर्माण केल्याचं. शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. नोटीस देऊन घरी सोडता आलं असतं. त्याऐवजी आधी पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. कोर्टाबाहेर त्याची आई माझे हात धरून म्हणाली, "ताई, आता तो जन्मात काही लिहायचा नाही." ती मला आश्वासन देत होती. मला मात्र ते जिव्हारी लागलं.

आणि संध्याकाळी ऑफिसात बसून मी याच कलमाखाली दुसऱ्या माणसाविरुद्ध तक्रार अर्ज लिहायला घेतला. गेल्या आठवड्यात चौकात सभा झाली. वक्त्यानं लोकांना हात वर करायला लावून शपथ दिली : अमक्या समाजाच्या हातगाडीवरून भाजी घ्यायची नाही, त्यांना खोली भाड्यानं द्यायची नाही. बंदोबस्ताला पोलीस होते. कुणाच्या तक्रारीची वाट न बघता अशा भाषणांवर गुन्हा नोंदवा, बोलणाऱ्याचा धर्म बघू नका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २८ एप्रिल २०२३ रोजी सगळ्या राज्यांना दिलेला आहे. तरी गुन्हा नाही.

ज्युनिअरनं विचारलं, "मॅडम, सकाळी आपण या कलमाच्या गैरवापरावर बोललो. आता तेच लावा म्हणायचं?"

प्रश्न रास्त होता. या कलमाचा इतिहासच तसा आहे. जुन्या दंडविधानात ते १५३-अ म्हणून १८९८ साली आलं. दहा वर्षांनी मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर ‘केसरी’तल्या अग्रलेखांवरून खटला चालला, त्यात राजद्रोहाच्या दोन आरोपांबरोबर तिसरा आरोप याच कलमाखाली होता. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा राजद्रोहासाठी, आणि या तिसऱ्या आरोपासाठी १००० रुपये दंड. सत्तेवर टीका म्हणजे दोन समाजांत वैर, हे समीकरण तेव्हापासूनचं आहे. पालघरला नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका मुलीला आणि ते लाइक केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली, लिहिणाऱ्या मुलीच्या काकांचा दवाखाना जमावानं फोडला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ त्यानंतरच्याच याचिकेत, २०१५ साली रद्द झालं. कलम गेलं. ठाण्यासमोरच्या गर्दीकडे बघून गुन्हा लावायची सवय कुठं गेली?

पण मग मला राईनपाडा आठवतो आणि ‘बोलू द्या सगळ्यांना, शब्दांनी काय होतं’ असं म्हणवत नाही. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवारचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आधीच घराघरांत पोचले होते. त्यातल्या एकानं लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, एवढंच निमित्त. लोकांनी त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथंच पाचही जणांचा जीव घेतला. त्या मेसेजांत कुठल्या देवाचा अपमान नव्हता, कुणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या. फक्त अनोळखी, गरीब, भटक्या माणसाकडे संशयानं बघायला शिकवलं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायची मर्यादा आणली. कुणाचं तोंड न दाबता वेग कमी करणारा हा उपाय मला आजही अनेक कलमांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

म्हणून ज्युनिअरला सांगितलं, शब्द किती झोंबले ते मोजू नकोस. कोण बोललं, कुणापुढं बोललं, आणि ज्यांच्याविषयी बोललं त्यांचं उद्या सकाळी काय होणार, ते बघ. टीव्ही वृत्तनिवेदक अमिष देवगण यांच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानंही बोलणाऱ्याचं वजन आणि प्रसंग बघायला सांगितलंय. आणि ऐकणारा कसा धरायचा, ते तर आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच सांगून ठेवलं : खंबीर, विचारी माणसाच्या मापानं शब्द तोला, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो त्याच्या मापानं नको. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं तोच निकष पुन्हा उचलला, आणि अशा गुन्ह्यांत एफआयआरआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, असंही म्हटलं. आमच्या ठाण्यात ही चौकशी झाली असती तर ते पोर एक रात्रही आत राहिलं नसतं.

दोन्ही प्रकरणांत आणखी एक मेख आहे. या कलमाखाली कोर्टानं दखल घ्यायची तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. ही तरतूद सामान्य माणसाची ढाल व्हावी. त्याच्या बाबतीत मात्र मंजुरीची वेळ येईपर्यंत तुरुंगवास भोगून झालेला असतो. वजनदार वक्त्याची फाइल त्याच मंजुरीसाठी पडून राहते.

अर्ज पुन्हा वाचला. ज्युनिअरनं भाषणातल्या सगळ्या शिव्या, त्या समाजाच्या संतांविषयीचे टोमणे उतरवून काढले होते. वाचताना माझंही डोकं फिरलं. तरी ते सगळं खोडलं. भाजीची शपथ ठेवली, खोलीचं वाक्य ठेवलं, जागा, वेळ, व्हिडिओ, आणि दुसऱ्या दिवसापासून ज्यांच्या गाड्या लागल्या नाहीत त्यांचे जबाब. टोमण्यांना उत्तर द्यायला त्याच चौकात आपलीही सभा घेता येईल.

उद्या अकराला अर्ज देते. घेतला नाही तर अधीक्षकांकडे, तिथंही नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटपुढे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली. आणि पोराचा एफआयआर रद्द करायचा अर्ज या आठवड्यातच उच्च न्यायालयात लावायचा आहे.