नातीसोबत अंदमानची बेटे : बोटीच्या प्रवासाचा माझा अनुभव

गेल्या डिसेंबरमध्ये नऊ वर्षांच्या नातीला घेऊन मी नाशिकहून अंदमानला जाऊन आले. मुलाला आणि सुनेला रजा नव्हती, त्यामुळे पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम), स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप हा बोटींचा फेरा आम्हा दोघींनाच पार पाडायचा होता.

एजंटाने परतीची बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवले होते. सकाळी बोट, दुपारी विमान. समुद्र खवळला की तेथील बोटी रद्द होतात, हे ठाऊक असल्याने मी हट्टाने तिकिटे बदलून घेतली आणि बोटीनंतरचा एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरसाठी मोकळा ठेवला. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावे लागले, पण लहान मूल बरोबर असताना ही काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

माझी चूक मात्र दुसरीकडे झाली. सराव म्हणून मी नातीला गंगापूर धरणावर बोटीत बसवले होते. तेथे ती आनंदात राहिली, म्हणून तिला बोट लागत नाही असे मी धरून चालले आणि बालरोगतज्ज्ञांनी दिलेले औषध पिशवीतच राहिले. स्वराज द्वीपाची बोट सुटून अर्धा तास होतो न होतो तोच तिला उलट्या सुरू झाल्या. धरणाचे पाणी स्थिर असते; समुद्रात लाटेबरोबर सारी बोट डोलते, कानातील तोल सांभाळणाऱ्या भागाला ते जाणवते, पण बंद केबिनमध्ये डोळ्यांना समोरची खुर्ची हललेली दिसत नाही, आणि या विसंगतीनेच मळमळ होते. तिचा पांढरा पडलेला चेहरा पाहून मला फार अपराधी वाटले.

शहीद द्वीपाला जाताना मी सर्व काळजी घेतली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे निघण्याच्या अर्धा तास आधी औषध दिले, हलका नाश्ता करवला, खालच्या मजल्यावर बोटीच्या मध्यभागी खिडकीजवळची जागा मागून घेतली, मोबाइल पिशवीत ठेवायला लावला आणि दूरच्या क्षितिजरेषेकडे पाहत राहायला सांगितले. घरून नेलेला आलेपाक तिच्या हातात होताच. तासाभराचा तो प्रवास सुखरूप झाला.

धक्क्यावर सामानाची तपासणी होते आणि ओळखपत्र पाहतात, म्हणून दोघींची मूळ आधार कार्डे मी गळ्यातील पिशवीत ठेवली होती. आणखी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. अंदमान नाशिकच्या पूर्वेला सुमारे १९ अंश रेखांशांवर आहे, घड्याळ मात्र तेच. त्यामुळे डिसेंबरात स्वराज द्वीपाच्या राधानगर किनाऱ्यावर पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. समुद्रात खेळायचे ते सकाळीच उरकावे.

परतीच्या दिवशी वारा वाढला आणि आमची बोट खरोखरच रद्द झाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीत जागा मिळाली आणि मोकळा ठेवलेला दिवस असा कामी आला. त्या दुपारी आम्ही सेल्युलर जेल पाहिले. मूळच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. शाळेच्या सहलीत भगूरचा सावरकर वाडा पाहिलेला असल्याने नातीने लगेच विचारले, "आजी, ते इथे कोणत्या बोटीने आले?" १९११ मध्ये त्यांना मद्रासहून आगबोटीने आणले, आणि चेन्नईहून जहाजाने यायला आजही जवळजवळ तीन दिवस लागतात, हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली.

रॉस बेट, म्हणजे आताचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, पाहायचे राहून गेले. जेलच्या गच्चीवरून ते अगदी समोर दिसत होते. तिकडे बोटीने किती वेळ लागतो, असे तिने विचारले, मी म्हणाले, "फार तर पंधरा-वीस मिनिटे." त्यावर ती म्हणाली, "एवढ्यासाठी औषध नको."