कटरचं तेल आणि माझे २,७०० रुपये

आमच्याकडे तिला चेनसॉ कोणी म्हणत नाही, कटर म्हणतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात केळशीच्या बाजूला आमच्या आगरात अकरा माड आणि दोन हापूस आडवे झाले. कापायला माणूस मिळेना, तेव्हा घेतली. चालू होते, कापते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एकच. संध्याकाळी काम आटोपून पडवीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर खाली तेलाचं थारोळं. पेट्रोल नव्हे, चेनला लागणारं चिकट ऑइल. शहाबादी फरशीवरचा तो डाग सोडा लावून, घासून अजून गेलेला नाही आणि घरात त्याचा विषय निघाला की मी बाहेर जातो.

गेल्या एप्रिलमध्ये गोणपाटात बांधून मोटरसायकलवरून शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, हलवला, खाली वाकून पाहिलं आणि एक स्क्रूसुद्धा न काढता सांगितलं, "काका, ऑइल पंप गेलाय." पार्ट पुण्याहून येणार, आठ दिवस लागतील.

आठाचे सव्वीस झाले. आगोटीचे दिवस, पावसाआधी लाकूडफाटा माळ्यावर चढायला हवा आणि मशीन तिकडे अडकलेली. फोन केला की "आज पार्सल येतंय." दुसऱ्या दिवशी "पार्सल चुकून कोल्हापूरला गेलं." मग तीन दिवस फोनच उचलला नाही. शेवटी भाड्याचा कटरवाला बोलावला, त्याने आगोट बघून भाव सांगितला. मशीन मिळाली तेव्हा पंप, गॅस्केट, मजुरी धरून २,७०० रुपये दिले. वर "बघा, दोन दिवस इथेच ठेवलीय, एक थेंब नाही" असं ऐकलं, आणि खरंच नव्हता. घरी आठवडाभर पडवीत कोरडी ठणठणीत. मग पडलेला फणस कापायला काढली, ऑइल भरलं, काम संपवून ठेवली. दुसऱ्या दिवशी थारोळं.

पुन्हा गोणपाट, पुन्हा मोटरसायकल. तीन दिवसांनी निरोप : "काका, इथे काही गळत नाही. तुम्हालाच वाटतंय." मी घरी येऊन तणतणत असताना बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "तिथे टाकीत तेल असतं का?"

नसतं. मशीन हातात आली की पहिलं काम म्हणून ते ऑइल काढून घेतात, कोपऱ्यात त्याचा कॅन मी डोळ्यांनी पाहिला होता. रिकामी टाकी गळणार कुठून!

पुढच्या दुपारी मुद्दाम भरून ठेवली. आमची पडवी पत्र्याची, वैशाखात तिथे उभं राहवत नाही. दोनच्या सुमारास ऑइलचं झाकण फिरवलं तर फुस्स, आणि शर्टावर शिंतोडे. टाकीत दाब साचला होता. माझ्या मशीनच्या टाकीला हवा आत घेणारी झडप आहे, बाहेर सोडणारी नाही. आतली हवा तापून फुगली की ऑइल पंपातून पुढे ढकललं जातं आणि बारच्या बुडाशी पाझरतं. पंप धडधाकट असला तरी. दुकानात फोन केला तर म्हणे, "हो, भरलेली ठेवली की थोडं गळतंच. सगळ्यांचंच." मग आधी का नाही सांगितलंत? "तुम्ही विचारलं नाहीत." जुना पंप मी मागून घेतला होता. त्याच्या गिअरचे दात शाबूत आहेत, डब्यात ठेवलाय. तुम्हीही जुना पार्ट मागून घ्या, पैसे आपण दिलेले असतात.

आता काम संपलं की ऑइल बाटलीत ओतून घेतो. उद्या पुन्हा कापायचं असेल तर मशीन निवली की झाकण एकदा सैल करून दाब सोडतो आणि परत घट्ट करतो. झाकणाच्या ओ-रिंगवर (आतल्या रबरी कड्यावर) भुशाचा कण बसला तरी पाझर लागतो, तेव्हा लावण्याआधी बोटाने पुसायचं.

स्पार्क प्लगची टोपी काढूनच पुढचं करा, हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. बाजूचं कव्हर उघडलं की तेलात भिजलेला भुसा लगद्यासारखा बसलेला दिसतो. टाकी रिकामी असली तरी हा लगदा दोन-दोन दिवस ठिबकतो. जुन्या दातब्रशने काढायचा. बारची खाच आणि बुडाजवळचं बारीक भोक तारेने मोकळं करायचं. भोक बुजलं की ऑइल चेनपर्यंत न जाता मागेच सांडतं. बार दर वेळी उलटा करून लावला की एकाच बाजूने झिजत नाही.

तरी गळलं तर मशीन पुसून कोरडी करा, टाकी भरा, रद्दीच्या कागदावर रात्रभर सावलीत ठेवा. डाग झाकणाखाली आला तर ओ-रिंग, बारच्या बुडाशी आला तर दाब किंवा पंप, अंगाखाली मधोमध आला तर आतली रबरी नळी चिरली असेल. हा कागद मी आधी ठेवला असता तर...

जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून भरू नका. पातळ असतं, जास्त गळतं, आणि त्यातली घाण पंपात जाते.

पावसाळ्यात चार महिने मशीन बसून असते, तेव्हा पेट्रोलही काढायचं आणि उरलेलं संपून बंद पडेपर्यंत चालवायची. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते आपल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. चेन काढून डब्यात ऑइलमध्ये बुडवून ठेवतो, नाहीतर खाऱ्या वाऱ्याने गणपतीपर्यंत तांबडी होते. मशीन प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरतो. आणि बारचं ते प्लास्टिकचं म्यान असतं ना, तेही आतून पुसा. मी महिनाभर मशीन पुसत होतो आणि तेल म्यानातून ठिबकत होतं.