अर्धी साक्ष

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत आम्ही उपदेशाआधी साक्षीसाठी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, वेळ ठेवतो. त्या दिवशी गुरुजींच्या मंडळी, म्हणजे त्यांच्या पत्नी, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमचे गुरुजी उठले, जेवतात, शाळेत जातात. केवळ प्रार्थनेनं." सगळ्यांचे डोळे भरून आले, माझेही. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका आईकडे माझं लक्ष गेलं. तिच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, त्याची औषधं चालू आहेत. ती 'केवळ' हा शब्द ऐकत होती.

हे मी गुरुजींच्या परवानगीनं लिहितोय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. नगर जिल्ह्यातलं गाव, झेडपीची शाळा आणि तबला, एवढं पुरे. आमच्याकडे ना. वा. टिळकांची ख्रिस्ती पदं नुसत्या पेटीवर म्हटली तर उपासना झाल्यासारखीच वाटत नाही, आणि तबल्याला गुरुजींशिवाय दुसरा हात नाही.

आदल्या वर्षी गुरुजी 'आत्म्यानं भरले' होते, म्हणजे पवित्र आत्मा त्यांच्यात उतरलाय असं सगळे मानत होते. रात्री दोनला मला फोन यायचा, "पाळकसाहेब, प्रभूनं सगळा तालुका माझ्या हाती दिलाय." झोप नाही, तरी थकवा नाही. साक्षीला उभे राहिले की खाली बसत नसत. पगारावर कर्ज काढून त्यांनी चर्चला स्पीकरचा नवा संच दिला. माणूस झोपत नाही, आधी त्याच्या घरी विचारू, असं मी पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीत, म्हणालो. कमिटीनं आभाराचा ठराव केला आणि संच लावून घेतला. पैसा चर्चकडे येत असला की आमच्या कमिट्यांना आत्म्याची पारख करायची आठवण राहत नाही, हे मला अनेक ठिकाणी दिसलंय.

पुढे काही महिन्यांत तेच गुरुजी अंथरुणाला खिळले, आणि तीच माणसं म्हणू लागली की भूत शिरलंय.

पाळकाचं काम म्हणजे रविवारचा उपदेश, असं लोकांना वाटतं. निम्मा वेळ बाप्तिस्म्याचे दाखले आणि कबरस्तानाच्या जागेचे वाद यांत जातो. खरं काम घरभेटीत होतं, आणि घरभेट ही कला आहे असं मी मानतो. गुरुजींकडे गेलो तेव्हा अकरा वाजले होते आणि अंथरूण पसरलेलंच होतं. तबल्यावर खोळ, खोळीवर धुतलेल्या कपड्यांची चळत. अशा वेळी 'प्रार्थना करता का?' हे विचारायचं नसतं. झोप कधी लागते, पहाटे कितीला जाग येते, जेवणाला चव लागते का, हे विचारायचं. आणि मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "विहिरीकडं जायचं टाळतो." आणि लगेच, "मला कशाचाच आनंद होत नाही. देवानं दिलेलं माझं तारण गेलं का, पाळकसाहेब?"

मी बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचलं. ते अंधारात संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही, तरी ते बायबलमध्ये आहे. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे प्रेषित पौलानं कैदेतून लिहिलं. आपण मात्र ते आजारी माणसाच्या पाठीवर चाबकासारखं ओढतो.

त्याच आठवड्यात सिव्हिलला गेलो. बाहेर खच्चून गर्दी, पण मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी वेळ दिला. त्यांनी विचारलं, "याआधी कधी हे नेहमीपेक्षा फार खुशीत होते का?" गुरुजींच्या मंडळी अभिमानानं म्हणाल्या, "हो तर! मागच्या वर्षी आत्म्यानं भरले होते." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. झोप, फोन, कर्ज सगळं विचारून घेतलं. आजार बायपोलर निघाला, म्हणजे कधी अती उत्साह, कधी खोल नैराश्य. त्याचा अर्धा भाग आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवून साजरा केला होता.

लिथियम हे औषध सुरू झालं. त्याची रक्तातली पातळी बघावी लागते, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. पाणी आणि मीठ एकदम कमी करायचं नाही, नाहीतर पातळी चढते आणि जिवावर बेतू शकतं. आणि नेमका त्याच सुमारास तंबूतल्या सभेचा एक उपदेशक घरी येऊन तीन दिवसांचा निर्जळी उपास करा, गोळ्या फेका, असं सांगून गेला. मला त्या माणसाचा आजही संताप येतो. डॉ. वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली मिशनचं इस्पितळ उभं केलं. ज्या समाजाला हा वारसा मिळाला तो अपेंडिक्स झालं की सर्जन गाठतो, आणि मन बिघडलं की अभिषेकाच्या तेलाची बाटली. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा १४४१६ हा नंबर मी चर्चच्या फलकावर लावला, तर कमिटीतले एकजण म्हणाले, "इथं वेड्यांचा नंबर कशाला?" नंबर अजून तिथंच आहे.

मोठ्या आनंदाची मला आता धास्ती वाटते. लहान आनंद ओळखीचा वाटतो. एका भेटीत गुरुजी ताटावर बसून कुरकुरले, "भाजी अळणी आहे." मला इतकं बरं वाटलं! चव लागली होती. हात थोडे कापतात, तबला अजून पूर्वीसारखा बोलत नाही, पण खोळ निघाली आहे.

म्हणून ती साक्ष मला छळते. बाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी रात्र रात्र प्रार्थना केली, मीही केली, आणि देवानं ऐकलं असं मी मनापासून मानतो. पण गोळ्यांचं नाव घेणं माझ्या हातात नव्हतं, ते गुपित त्यांचं. मी ठरलेला उपदेश बाजूला ठेवून बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाचा २० वा अध्याय उघडला. आजारी हिज्कीया राजा रडून प्रार्थना करतो, देव त्याचं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवतो, आणि हा निरोप आणणारा यशया संदेष्टाच गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. प्रार्थना आणि औषध, एकाच अध्यायात. औषध घेणं हा अविश्वास नाही, असं मी स्पष्ट म्हणालो.

ते पुरलं नाही. सोमवारी ती आई दारात. "गुरुजी प्रार्थनेनं बरे झाले. मग माझ्या लेकाच्या गोळ्या कधी बंद करू?"

मी गुरुजींच्या घरी गेलो. बाई म्हणाल्या, "पोरीचं जमवायचं चाललंय, पाळकसाहेब. गोळ्यांचं कळलं तर कोण येईल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुरुजी म्हणाले, पोरीचं झालं की मी स्वतः उभा राहीन. त्यांना घाई करायचा हक्क मला आहे का? त्या मुलाकडे तेवढा वेळ आहे का? दोन्ही प्रश्न घेऊन मी झोपतो.

त्या आईला मी एवढंच सांगितलंय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नकोस. गुरुवारी तिच्या लेकाला घेऊन ओपीडीला मी सोबत जाणार आहे. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून आण म्हटलंय, रिकामीसुद्धा, म्हणजे त्यानं खरंच किती घेतल्या ते कळेल.