थंयचो राखणदार कोण?

मुलीला पहिल्यांदा बाबागाडीतून बाहेर नेलं तेव्हा तिच्या गालावर मी काजळाची तीट लावली होती. इथे अमेरिकेत, पिट्सबर्गमध्ये, ती बघून बहुतेक जण ओला रुमाल पुढे करतात, बाळाच्या गालाला काहीतरी लागलंय म्हणून. शेजारच्या आजी कुंपणापाशी आल्या, वाकून बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "झ ओची?"

म्हणजे 'डोळ्यांमुळे'. स्लोव्हाक लोक दृष्ट लागण्याला असंच म्हणतात. परक्या देशात माझी तीट ओळखणारं पहिलं माणूस मला त्या दिवशी भेटलं.

आजींनी ऐंशी ओलांडली आहे. जन्म इथलाच, पण आई पूर्व स्लोव्हाकियातल्या शारिश भागातली. तान्ह्या पोराला दृष्ट लागलीय असं वाटलं की त्यांची आई वाटीभर पाण्यात पेटते निखारे टाकायची. निखारा बुडाला की दृष्ट नक्की. मग तेच पाणी बाळाच्या कपाळाला लावायचं, थेंबभर तोंडात घालायचं. पुढे घरात गॅस आला आणि निखाऱ्यांच्या जागी काडेपेटीतल्या काड्या आल्या. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळून विस्तवात टाकतात, ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं समजतात. इथे मिरची जाळली की धुराचा भोंगा वाजतो, म्हणून मी ओवाळून सगळं वाहत्या नळाखाली सोडते. त्या हसल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, "पाणी चालतं."

त्यांची नातवंडं त्यांना 'बाबा' म्हणतात. त्यांच्या बोलीत बाबा म्हणजे आजी. माझ्या मुलीला याचा उलगडा व्हायला बरेच दिवस लागले.

या शहरात स्लोव्हाक लोक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी येऊ लागले. तेव्हा त्यांचा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. जमिनीचे तुकडे पडलेले, शाळांतून हंगेरियन भाषेची सक्ती. १९०७च्या ऑक्टोबरमध्ये चेर्नोव्हा गावात नव्या चर्चच्या अभिषेकाला आलेल्या पाद्र्यांची वाट लोकांनी अडवली, तर पोलिसांनी गोळीबार केला आणि १५ माणसं मेली. पण बहुतेक जण निघाले ते पोटासाठी. ब्रेमेन नाहीतर हॅम्बर्गहून बोटीत बसायचं, काही वर्षं पोलादाच्या भट्टीवर किंवा कोळशाच्या खाणीत काढायची, पैसे साठवून गावी शेत घ्यायचं. पुष्कळ जण खरोखर परत गेलेही.

आजींचे आजोबा १९१३ साली पिट्सबर्गजवळच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात आले. बायको गावी, पोटुशी. वर्षभरात महायुद्ध पेटलं आणि वाट बंद झाली. मुलीने बापाला पहिल्यांदा पाहिलं ते १९२२ साली, बंदरावर, वयाच्या आठव्या वर्षी. ती मुलगी म्हणजे आजींची आई. दोनच वर्षांनी अमेरिकेने कायदा करून त्या भागातून येणाऱ्यांचं दार जवळजवळ लावूनच घेतलं. थोडा उशीर झाला असता तर ती शारिशमध्येच राहिली असती.

आठ-नऊ वर्षं नवरा एकटा कसा राहिला? तर एका स्लोव्हाक बाईच्या घरी, पैसे भरून. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या अंथरुणावर रातपाळीवाला आडवा व्हायचा, आणि ती बाई सगळ्यांचे डबे भरायची, कपडे धुवायची. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. माझे आजोबा सिंधुदुर्गातून लालबागच्या गिरणीत लागले, तेही असेच एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गाववाल्यांत, एका मावशींच्या खाणावळीवर. होमस्टेडचा कारखाना १९८६ साली बंद झाला. आता तिथे दुकानांची रांग आहे आणि नदीकाठी त्याची बारा धुराडी तेवढी उभी ठेवली आहेत. मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा गाडी बाजूला घेऊन थांबले होते.

आपलं मंडळ गणपतीसाठी, दिवाळी फराळासाठी सुरू होतं. त्यांची मंडळं मरणासाठी सुरू झाली. भट्टीत माणूस मेला तर विधवेला काही मिळेल याची शाश्वती नव्हती. म्हणून दरमहा थोडे पैसे गोळा करायचे आणि कुणी गेला की पुरण्याचा खर्च आणि घरच्यांना रक्कम द्यायची. १८९० साली याच शहरात राष्ट्रीय स्लोव्हाक सोसायटी उभी राहिली, ती या कामासाठी.

आणि या मंडळांतच ते 'स्लोव्हाक' झाले, असं मला वाटतं. गावाकडे त्यांना कुणी विचारलं, कुठली भाषा बोलता, तर उत्तर यायचं 'पो नाशेमू', म्हणजे 'आपलं', 'आपल्यासारखं'. शारिशचा माणूस शारिशचा, पलीकडच्या खोऱ्यातला पलीकडचा. इथे सगळ्यांना मिळून एकच शिवी होती, 'हंकी'. शिवी देणारे खोरं बघत नव्हते. मे १९१८मध्ये चेक पुढारी मासारिक पिट्सबर्गला आले आणि चेक आणि स्लोव्हाक मंडळांच्या पुढाऱ्यांनी दोघांच्या मिळून एका देशाच्या करारावर सह्या केल्या. त्यात स्लोव्हाकियाला स्वतःचा कारभार, स्वतःची विधानसभा, स्वतःची न्यायालयं मिळतील असं लिहिलं होतं. ज्यांना गावात आपल्या भाषेचं नाव सांगायची गरज पडली नव्हती, त्यांच्या लोकांनी समुद्रापलीकडे बसून हे मागितलं. माणूस घर सोडतो तेव्हा त्याला आपलं नाव पाठ करावं लागतं, हे मी स्वतः अनुभवलंय. सिंधुदुर्गात मला कुणी 'मराठी' म्हणून ओळखलं नव्हतं.

समजुतींचं मात्र वेगळं झालं. आजींच्या आईच्या गावात प्रत्येक घराला एक साप असतो, असं मानत. तो उंबऱ्याखाली राहतो, घर राखतो. त्याला मारलं तर घरधनी जातो. वसंतात मोरेना नावाची गवताची बाहुली, म्हणजे हिवाळा, म्हणजे मरण, पेटवून ओढ्यात सोडत. आजींना हे सगळं ऐकून माहीत आहे, त्यांनी केलेलं काहीच नाही. जे जमिनीला, उंबऱ्याला, ओढ्याला बांधलेलं होतं ते तिथेच राहिलं. दृष्ट तेवढी आली, कारण ती आईच्या भीतीला बांधलेली होती, आणि ती भीती बोटीतूनही येते. रात्री दोन वाजता ताप उतरत नाही, आई चौदा तासांच्या विमानाच्या अंतरावर असते, डॉक्टरांचा फोन सकाळी उघडतो. तेव्हा हातांना काहीतरी करायला लागतं. मी हे अडाणीपणा मानायला तयार नाही.

घराच्या ओढीला वैद्यकाने फार पूर्वी नाव दिलं. १६८८ साली बाझेलमध्ये योहानेस होफर नावाच्या तरुण डॉक्टरने 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला, परमुलखात खंगत जाणाऱ्या माणसांच्या आजाराला. पण मला स्लोव्हाक शब्द जवळचा वाटतो. 'त्स्निए सा मी', म्हणतात ते. त्याची घडण अगदी आपल्या 'मला आठवण येते'सारखी. तिथे मी काही करत नाही. ती येते, मला.

गेल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. आजींनी प्रत्येकाच्या कपाळावर मधाने क्रूस काढला, माझ्याही. टेबलाचे पाय साखळीने बांधलेले होते, घरचे एकत्र राहावेत म्हणून. जेवण संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. एक ताट जास्तीचं, जे नाहीत किंवा दूर आहेत त्यांच्यासाठी. त्या ताटाकडे बघून मला सर्वपित्रीचं पान आठवलं, आणि गावी एकट्या जेवणाऱ्या आईचंही. शेवटी सफरचंद आडवं कापलं. आत चांदणी दिसली तर वर्षभर आरोग्य. आजींच्या मुलाने हे सगळं शांतपणे उरकलं. नातू मात्र प्रत्येक गोष्टीचा अर्थ विचारत होता आणि लिहून घेत होता. मार्कस हॅन्सन या इतिहासकाराने १९३७मध्ये मांडलं होतं की दुसरी पिढी जे विसरू बघते ते तिसरीला आठवायचं असतं. या घरात एक पिढी जास्त लागली. २०२२पासून स्लोव्हाकिया पणतवंडांनाही नागरिकत्व देऊ लागला आहे, त्यासाठी हा मुलगा पणजीचा बाप्तिस्म्याचा दाखला मिळवतोय.

त्या रात्री आईला फोनवर सापाची गोष्ट सांगितली. तिला ती जराही परकी वाटली नाही. "म्हणजे तेंचो राखणदारच तो," म्हणाली. मग विचारलं, "आणि तुमच्या थंयचो राखणदार कोण गो?"

मी म्हटलं, माहीत नाही. इथे आमच्या आधी कोण होतं, कुणाची जागा होती, कुणी कधी सांगितलं नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नारळ ठेव. नाव म्हायत नसला तरी चलता."

दुसऱ्या दिवशी बर्फ थांबल्यावर परसातल्या मेपलच्या बुंध्याशी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. मालवणीतच घातलं, दुसऱ्या कुठल्या भाषेत मला ते येत नाही.