रिपोर्टात 'स्केल मॉडेल' नीट लिहिताना: माझा अनुभव

सांगलीत सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आम्ही प्रोजेक्टसाठी धरणाच्या सांडव्याचं मॉडेल केलं, १:५० चं, लाकडी, रंगाचे हात मारून गुळगुळीत केलेलं, लॅबच्या फ्ल्यूममध्ये (पाणी सोडायच्या लांब पन्हळीत) बरोब्बर बसणारं. पाण्याची पातळी मोजायच्या पॉइंट गेजची टोकदार सुई पाण्याला नुसती टेकली की रीडिंग घ्यायचं, ते सगळं मस्त झालं. पण रिपोर्ट इंग्रजीत लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यावर गाडी अडली कारण ग्रुपमधल्या प्रत्येकाचं वाक्य वेगळं, कुणाचं 'स्मॉल स्केल मॉडेल', कुणाचं 'मॉडेल इन १:५० स्केल', कुणाचं 'फिफ्टी टाइम्स स्मॉलर', आणि वाचायला सगळीच बरोबर वाटतात.

सरांना दाखवलं तर त्यांनी 'फिफ्टी टाइम्स'ला लाल गोल केला आणि म्हणाले, "अरे, पन्नास पट लहान, पण कशात?" आणि खरंच, लांबी ५० पट कमी, पण क्षेत्रफळ २,५०० पट आणि घनफळ १,२५,००० पट कमी होतं. पाण्याचं तर अजून वेगळं, फ्राउडच्या नियमानं (मॉडेलमधला आणि खरा प्रवाह यांचं नातं सांगणाऱ्या) वेग फक्त ७ पटीच्या आसपास कमी आणि डिस्चार्ज (सेकंदाला किती पाणी जातं ते) जवळपास १७,७०० पट, म्हणजे मॉडेलवरनं सेकंदाला १ लिटर गेलं तर खऱ्या सांडव्यावर ते साधारण १७.७ क्युमेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनमीटर, धरायचं. म्हणून 'अ १:५० स्केल मॉडेल ऑफ द स्पिलवे' हेच घेतलं, कारण त्यात १:५० हे लांबीचं प्रमाण हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं. क्रियापद घालून लिहायचं तर 'वॉज बिल्ट अ‍ॅट अ स्केल ऑफ १:५०', 'टू अ स्केल ऑफ' पण चालतं. 'इन' हे छंद म्हणून गाड्या-विमानांची मॉडेल करणारे लिहितात, टेक्निकल रिपोर्टात मला ते नाही पटत.

'स्मॉल स्केल' मात्र टाळाच. एकतर कुपवाड एमआयडीसीतली स्मॉल स्केल इंडस्ट्री म्हणजे लहान उद्योग, तोच अर्थ डोक्यात येतो, आणि दुसरं म्हणजे १:२० हे १:१०० पेक्षा 'लार्जर स्केल' असतं, नकाशासारखंच, पण भरपूर जण ते उलटं धरतात. आकडा लिहिला की वादच संपतो.

'प्रोटोटाइप'चीही एक गंमत आहे बघा, आमच्या हायड्रॉलिक्समध्ये प्रोटोटाइप म्हणजे खरं धरण, आणि मेकॅनिकलवाल्यांना तो पहिला नमुना वाटतो. रूममेट मेकॅनिकलचा होता, त्यानं आमचा पॅरा वाचला तर पूर्ण उलटा लागला. म्हणून पहिल्यांदा शब्द आला तिथंच 'द प्रोटोटाइप, दॅट इज, द अ‍ॅक्च्युअल डॅम' असं टाकलं.

खरी कसोटी शेजारच्या ग्रुपची होती. त्यांचं मॉडेल कृष्णेचं, सांगलीतल्या आयर्विन पुलाच्या आसपासचं. नदी रुंद आणि त्या मानानं उथळ, १:४०० ला पुराचं १० मीटर पाणी अडीच सेंटीमीटर होतं, एवढ्या पातळ थरात नदीसारखा प्रवाह मिळतच नाही. म्हणून उभं माप १:८० घेतलं, पाणी साडेबारा सेंटीमीटर. अशी युक्ती जुनीच आहे, ऑस्बर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या मर्सी खाडीचं मॉडेल असंच केलेलं, आडवं १:३१,८०० च्या आसपास आणि उभं १:९६०. पण मग त्याला 'बिल्ट टू स्केल' म्हणता येत नाही, कारण ते ऐकणारा सगळीकडं एकच प्रमाण धरतो. त्यांना मी लिहून दिलं, 'अ डिस्टॉर्टेड मॉडेल विथ अ हॉरिझॉन्टल स्केल ऑफ १:४०० अँड अ व्हर्टिकल स्केल ऑफ १:८०'. लांबलचक आहे पण कुठला शब्द काढायचा सांगा.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी आमचं पहिलं पान वाचलं आणि थेट डिस्चार्ज कसा काढला तिथनंच सुरुवात केली, मॉडेल केवढं होतं हा प्रश्न आलाच नाही.