चलानाच्या फोटोतले अधिकचे चिन्ह

कापसाच्या हंगामात माझी पिकअप आठवड्यातून तीन-चार वेळा हिंगणघाटच्या बाजार समितीत जाते आणि परतताना ती रिकामी असते. डिसेंबर २०२३ मधल्या अशाच एका परतीच्या फेरीत, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, गाडीचा वेग ताशी ९७ किलोमीटर होता असे सांगणारे दोन हजार रुपयांचे चलान माझ्या नावावर निघाले. मला त्याचा पत्ता लागला तो मार्चमध्ये, गाडी पासिंगला नेली तेव्हा. गाडी घेताना विक्रेत्याने नोंदणीच्या अर्जावर स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकला होता, त्यामुळे चलानाचा संदेश माझ्यापर्यंत आलाच नाही. हा दोष पोलिसांचा नाही, कारण आपला क्रमांक आरटीओच्या नोंदीत बरोबर आहे की नाही हे पाहणे मालकाचे काम आहे. आमच्या भागात अशा गाड्या पुष्कळ आहेत, म्हणून ज्यांनी अजून तपासले नसेल त्यांनी आधी तेवढे करावे.

चलान पाहताच मला पटेना, कारण माझ्या पिकअपला स्पीड गव्हर्नर आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या व्यावसायिक वाहनांना, काही अपवाद वगळता, केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११८ प्रमाणे वेग ताशी ८० वर बांधणारे हे उपकरण लागते आणि त्याचे प्रमाणपत्र असल्याशिवाय पासिंग होत नाही. उतारावर गाडी ८० च्या थोडी पुढे सरकू शकते हे मी नाकारत नाही, पण चलानात नोंदवलेली जागा सपाट आहे आणि सतरा किलोमीटरची वाढ तिथे शक्यच नाही. घरच्या पुतण्याचे मत वेगळे होते. "काका, भरून टाका ना, दोन हजारासाठी काहून कोर्टात फिरता?" असे तो म्हणाला, आणि हिशेबाने तो चूक नव्हता, कारण तारखेच्या एका दिवसात भाड्याचे तेवढेच पैसे बुडतात. तरीही न केलेला गुन्हा कबूल करणे मला जमणारे नव्हते.

म्हणून वेग मोजतात कसा, हे आधी नीट समजून घेतले. रडार गन रेडिओलहरी सोडते आणि चालत्या गाडीवर आपटून परत येणाऱ्या लहरींची वारंवारता किती बदलली यावरून वेग काढते. एसटी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा वाटतो आणि पुढे गेली की उतरतो, तेच तत्त्व. महामार्गावर जी लेझर गन दिसते तिची रीत निराळी आहे. ती प्रकाशाचे शेकडो ठोके एकामागून एक सोडते आणि प्रत्येक ठोका जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजते. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे ३०० मीटरवरच्या गाडीपर्यंत जाऊन यायला त्याला सेकंदाचे अवघे दोन दशलक्षांश लागतात. सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात ही मोजणी पुरी होते; तेवढ्या वेळात ९७ च्या वेगाची गाडी आठ-नऊ मीटर जवळ येते आणि त्या अंतरावरून आकडा निघतो.

हे वाचल्यावर माझाच एक आवडता आक्षेप मी सोडून दिला. पोलीस रस्त्याच्या कडेला तिरपे उभे राहून मोजतात म्हणून आकडा फुगतो, असे पानठेल्यावर नेहमी ऐकू येते. खरे उलट आहे. तिरपेपणामुळे वेग कमी दिसतो. दहा अंशांचा कोन असेल तर खऱ्या १०० चे ९८.५ होतात, म्हणजे ही चूक चालकाच्याच पदरात पडते. हा मुद्दा घेऊन कोणी न्यायालयात जाऊ नये.

खरी जागा दुसरी आहे. लेझरचा झोत ३०० मीटरवर साधारण मीटरभर रुंद होतो. तेवढ्या अंतरावर दोन गाड्या शेजारीशेजारी असतील, तर हात किंचित हलला तरी झोत एकीवरून दुसरीवर जातो. आकडा बरोबरच असतो, मात्र तो कोणत्या गाडीचा हे फोटोवरून ठरते. मी चलानाचा फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. डाव्या बाजूला माझी पिकअप होती, उजवीकडून एक पांढरी कार तिला ओलांडून पुढे निघाली होती आणि लेझरचा नेम कुठे होता ते फोटोत दाखवणारे अधिकचे (+) चिन्ह त्या कारच्या दिव्यावर होते. कारचा क्रमांक उन्हाच्या चकाकीत पुसट झाला होता, माझा स्पष्ट वाचता येत होता.

कायदाही या बाबतीत चालकाला उघड्यावर टाकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे, एखाद्या साक्षीदाराला गाडी जोरात वाटली एवढ्यावर शिक्षा होत नाही, त्या अंदाजामागे यंत्राचे मोजमाप लागते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या नियम १६७अ ने यंत्रासाठी दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता प्रमाणपत्र, देखरेखीची आगाऊ सूचना देणारे फलक, गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा फोटो, यंत्राचे माप, तारीख, वेळ, ठिकाण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र या गोष्टी घालून दिल्या. ते प्रमाणपत्र त्या वेळी पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. ज्या काट्यावर आपला कापूस तोलला जातो त्यावर वजनमापे विभागाचा शिक्का आहे का, हे आपण पाहतोच. १ जुलै २०२५ पासून रस्त्यावरच्या रडार यंत्रांनाही तशीच पडताळणी आणि शिक्का आवश्यक झाला आहे. मला ही फार उशिरा झालेली, पण अत्यंत योग्य गोष्ट वाटते.

मी ऑनलाइन तक्रार केली, ती एका ओळीत नामंजूर झाली. पुढे लोकअदालतीची नोटीस आली. तिथे तडजोड होते, आणि एकदा निवाडा झाला की त्यावर अपील नसते; गुन्हाच मान्य नसेल तर ती जागा आपली नव्हे, हे एका ओळखीच्या वकिलांनी सांगितले. मी तडजोड नाकारली आणि प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे गेले. माझ्याजवळ मोठा केलेला फोटो होता, गव्हर्नरचे प्रमाणपत्र होते आणि बाजारातली काटा पावती होती. रिकाम्या गाडीचा काटा ४ वाजून १० मिनिटांनी झाला होता, चलानातली वेळ ४ वाजून ३१ मिनिटे होती आणि मधले अंतर १८ किलोमीटर होते, म्हणजे सरासरी वेग ५१ च्या आसपास पडत होता. सरासरीवरून त्या एका क्षणाचा वेग सिद्ध होत नाही हे मी स्वतःच सांगितले. भर मी फोटोवर दिला.

पहिल्या दोन तारखा कामकाजाविना गेल्या. तिसऱ्या तारखेला आलेल्या अधिकाऱ्यांनी फोटो खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहिला, ते चिन्ह कोठे आहे यावर बोट ठेवले आणि नेम कारवर असल्याचे सरळ मान्य केले. चलान मागे घेण्यात आले. त्यांच्या त्या सरळपणाचा मला आदर वाटला.

वेग मोजू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. आमच्या फाट्यावरून संध्याकाळी बैलबंड्या महामार्ग ओलांडतात, वावरातून परतणाऱ्या बाया दुभाजकाच्या फटीत उभ्या राहून वाट पाहतात, आणि शंभरच्या वेगाने येणारी गाडी त्यांना किती दूर आहे हे अंधारात कळत नाही. म्हणूनच दंड ज्याने वेग केला त्यालाच झाला पाहिजे. त्या दिवशीच्या पांढऱ्या कारला तो झाला नाही, याची मला आजही चुटपुट आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मोटारसायकलवर चलान आले. मर्यादा ६०, वेग ७८. मी फोटो मोठा केला; अधिकचे चिन्ह माझ्याच दिव्यावर होते, मागेपुढे दुसरी गाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन ६० चा फलकही पाहून आलो, तो जागेवर आणि झाडोऱ्यापासून मोकळा होता. संध्याकाळी हजार रुपये भरले.