तुम्ही विचारलंत म्हणून: रस्त्याकडची जागा भावाला का सोडली

लग्नात भेटू दे नाहीतर मयतीत, कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "काय ओ, रस्त्याकडची जागा भावाला सोडलासा म्हणे? कशाला?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहितो.

जमीन वडिलांची, बेळगावच्या दक्षिणेला, भाताची. बहिणीचा हिस्सा आधीच तिच्या नावावर केला होता. आम्हा ख्रिश्चनांना 1925 चा वारसा कायदा लागतो, त्यात मुलगा-मुलगी सारखेच, आणि हे मुद्दाम लिहितोय कारण "प्रभूसाठी सोड" म्हणून बहिणीकडून हक्कसोड लिहून घेणारे लोक मी बघितलेत आणि मला ते अजिबात पटत नाही, सोडायचं तर आपलं सोडावं, दुसऱ्याचं नाही. राहिले 22 गुंठे, आम्ही दोघं भाऊ. निम्मं निम्मं तर ठरलेलंच होतं, वाद एवढाच की रस्त्याकडचे 11 कुणाचे आणि मागचे 11 कुणाचे. आधी याचं कुणालाच काही नव्हतं, भात काढला की ओलीवर मसूर टाकायचा, संपलं. हलगा-मच्छे बायपासचं सुरू झालं, आमची जमीन त्यात गेली नाही पण रेट चढला, एजंट यायला लागले, मग वकील आले, मग सहा वर्षं तारखा. सीमाभागात दावा म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको, आपल्या भागाचाच दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. पण तो सगळ्या लोकांचा. हा एका आईच्या दोन पोरांचा होता.

सहाव्या वर्षी एका रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीनं भाकर आणि प्याला घ्यायचा विधी. आमच्याकडे पुढं कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकायचे असतात. मी टेकलो, आणि शेजारी कोण येऊन टेकलं बघतो तर भाऊ. सहा वर्षांत इतक्या जवळ आम्ही कोर्टाच्या बाकावरपण बसलो नव्हतो. प्याला घ्यायला त्यानं हात पुढं केला, बोटं चिरलेली, नखांत चिखल, लावणीचे दिवस होते. एवढी वर्षं मी नोकरीवर होतो आणि त्या शेतात तोच राबत होता. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं आणि मी माझं आत ओढून घेतलं, आणि मगच लक्षात आलं की डोळे मिटून मी गुंठ्याचा रेट गुणिले अकरा करत होतो. प्रभूच्या मेजापाशी. त्या दिवशी मला कळलं की माझ्यात पहिल्या जागेवर कोण बसलंय.

घरी येऊन बायबलातला लूकचा बारावा अध्याय काढला. मूर्ख श्रीमंताचा दाखला सगळ्यांना पाठ आहे, कोठारं मोडून मोठी बांधणारा, पण येशूनं तो कशावरून सांगितला हे आपण वाचतच नाही. गर्दीतून एक माणूस म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, मला वतन वाटून दे म्हणून! हुबेहूब माझी केस. येशू म्हणतो, मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि मग दाखला. त्यात पीक चांगलं आलं हा काही गुन्हा नाही, तो माणूस फक्त माझं पीक, माझी कोठारं, माझा माल करत राहतो. देव त्याला म्हणतो, "आज रात्री तुझा प्राण मागितला जाईल", इथं मूळ ग्रीक शब्द उसनं दिलेलं परत मागण्याचा आहे. म्हणजे प्राणसुद्धा उसना, आणि मी 11 गुंठ्यांसाठी भांडत होतो.

बायबलातलाच अब्राहाम आठवला. पुतण्या लोटाशी जमेना तेव्हा वयानं मोठा असून तो म्हणाला, आपण भाऊबंद आहोत, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो. लोटानं पाण्याची जमीन घेतली. अख्खा देश ज्याला देवानं कबूल केला होता त्या अब्राहामानं त्या देशात विकत घेतल्याची म्हणून जी जमीन लिहून ठेवलीय ती बायकोला पुरायला, 400 शेकेल चांदी मोजून. बाकी आयुष्य तंबूत काढलं, देवानं बांधलेल्या नगराची वाट बघत. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा माझ्याशी बोललं.

मग वकिलाला सांगितलं, राजी करायची, म्हणजे दावा समजुतीनं मिटवायचा, रस्त्याकडचं त्याला, मागचं मला. वकील बराच वेळ बघत राहिला. घरी बायको दोन दिवस बोलली नाही आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मुलीच्या इंजिनिअरिंगचं कर्ज आहे, ते अजून फेडतोय, रस्त्याकडचं विकलं असतं तर एका दिवसात फिटलं असतं. जमीन वाईट, पैसा वाईट असं माझं म्हणणं नाही. पहिल्यानं देवाचं राज्य मिळवायला झटा असं लिहिलंय, पहिल्यानं. बाकीचं नको असं नाही लिहिलेलं. माझ्यात क्रम उलटा झाला होता आणि तो सरळ करायला मला तेवढीच किंमत पडली.

भाऊ आनंदानं गळ्यात पडला का, हेपण विचारतात. नाही. सही करून कोर्टाच्या पायऱ्या उतरताना खाली बघत एवढंच म्हणाला, "मागं जायला गाडीवाट ठेवतो." अजून फार बोलत नाही. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. तो टेकेल तिथंच शेजारी टेकणार आहे, आणि कोपर आत ओढायचं नाही.